नळीचा मीटर

मिस्त्रीनं दोन्ही मीटर पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, बोला, यातला कुठला बसवू? आम्ही तिघं उभे. मी, आमचे हे आणि काठीवर रेललेले मामंजी. मीटर समोरून जुळ्या भावांसारखे. काळी तबकडी, पांढरे आकडे, एक काटा. फरक सगळा पाठीमागे होता. एकाच्या पाठीला वायर लावायच्या पितळी खुंट्या होत्या, दुसऱ्याच्या पाठीतून तांब्याची बारीक नळी निघून वेटोळं घालून पडली होती.

मिस्त्रीनं हात पुसत समजावून सांगितलं. वायरचा तो इलेक्ट्रिक. इंजिनावर एक बोंडूक बसवायचं, ते तेलाचा दाब ओळखून वायरीतून वर निरोप धाडतं. नळीचा तो मेकॅनिकल. त्यात निरोपबिरोप काही नाही, इंजिनातलं तेलच नळीतून चढतं आणि काट्याला ढकलतं. वायरचा म्हणजे सांगोवांगीचा कारभार, नळीचा म्हणजे साक्षात तेल, असं त्याचं म्हणणं.

"साक्षात कढत तेल," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी काठी बगलेत धरून विजारीचा पाय वर ओढला.

तो पाय मी रोज बघते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी चकचकीत, गुलाबी, वाळलेल्या सालपटासारखी ओढलेली. ते ट्रक चालवायचे तेव्हा त्यांच्या कॅबिनमध्येही नळीचाच मीटर होता. धक्के खाऊन खाऊन नळी चिरली, आणि भरधाव गाडीत तेलाची पिचकारी पायावर आली. ब्रेकवरचा पाय त्यांनी गाडी थांबेपर्यंत काढला नाही. गाडी वाचली, पाय कामातून गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, यांचं तर अख्खं तंगडं पोळलेलं.

"फुटायच्या आधी शिटी देते ती," मामंजी म्हणाले. "बारीक. मला ऐकू आली होती, तरी पाय काढायला वेळ मिळाला नाही." हे बोलताना ते मीटरकडे नाही, यांच्याकडे बघत होते. हे मात्र एक पाना उचलून त्याच्यावरचा गंज नखानं खरवडत बसले होते. त्या पान्यावर एवढं बघण्यासारखं काय होतं देव जाणे.

वायरचा मीटर आमच्याकडे होताच की. त्यानंच तर गेल्या हंगामात गळा कापला. आमचं काम मिठाचं. मिठागरातून मीठ भरायचं, खाडीच्या बांधावरून न्यायचं, पुढे घाट चढून मालधक्क्यावर रिकामं करायचं. आणि मीठ काय सोडतं? पत्रा खातं, दोर खातं, तळपायाला भेगा पाडून त्या भेगांत जाऊन बसतं. वायरीची टोकं तर त्याला खाऊ. संध्याकाळी पुसली तर सकाळी हिरवी. गेल्या वर्षी घाटात तेल संपलं, काटा मात्र होता तिथंच चिकटून उभा, सगळं क्षेम आहे म्हणून. इंजिन जाम झालं. अख्खा पावसाळा ट्रक अंगणात विटांवर उभा होता आणि त्याच्या चाकाखाली शेजाऱ्यांच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

आता मोठ्या मुश्किलीनं इंजिन बांधून झालं होतं. मिस्त्रीनं बजावून ठेवलं होतं, यातला फिरता दांडा घासून घासून शेवटच्या मापाला आलाय, पुन्हा जाम झालं तर माझ्याकडे आणू नका, सरळ भंगारात घाला. ट्रक गेला की आम्ही उरतो मिठागरात पाट्या वाहणारे. मुकादमानं यंदा पुन्हा फेऱ्या दिल्या त्याही उपकार केल्यासारख्या. गाडी रस्त्यात बसली तर दुसरी लावीन, असं त्यानं सगळ्या मजुरांदेखत ऐकवलं होतं. हे मान खाली घालून उभे होते. मी ट्रकच्या टपावर दोर ओढत होते, मला ते वरून सगळं दिसलं.

तेव्हा मीटर नीट निवडायला हवा, एवढं तिघांनाही कळत होतं. पण एक गोष्ट मला एकटीला कळत होती, निदान मला तसं वाटत होतं.

यांना ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात झालं नाही ते. माझ्या लग्नाच्या वेळी हे कानानं ट्रक चालवायचे. तेल पातळ झालंय, पट्टा सैल आहे, मागचं चाक दगड घेऊन फिरतंय, हे सगळं गाणं ऐकावं तसं ऐकून सांगायचे. पण आमच्या ट्रकचं इंजिन कॅबिनमध्येच, दोन सीटच्या मधोमध. इतकी वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर कान राहतील कसे? क्लीनर म्हणून मी मागे उभी राहून फळीवर थाप मारायची. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. दोन वर्षांपूर्वी हे म्हणाले, थापा नकोत, तू आरशात दिसशील अशी उभी राहून हात कर. मी हात करायला लागले. मग घरात पातेलं पडलं तरी मान वळेना. बोलताना तोंडाकडे बघायला लागले. गेल्या वर्षी घाटात इंजिन आतून ठोकायला लागलं तेव्हा मी सांगितलं होतं, अहो, आवाज येतोय. हे म्हणाले, काही नाही, मीठ सरकतंय. पुढच्याच वळणावर इंजिन बसलं. घरी आल्यावर सगळा दोष मीटरच्या माथी. मीटर खोटं बोलला हे खरंच होतं, म्हणून मीही मिठाची गुळणी धरून बसले. नवऱ्याचा कान गेला असं बायकोनं चारचौघांत कसं म्हणायचं? आणि चारचौघं जाऊ द्या, त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"नळीचा बसव," हे मिस्त्रीला म्हणाले. "तेलाचा तेवढा नळीचा. पाण्याच्या तापाचा आहे तो वायरचाच राहू दे."

मामंजींनी विजार खाली सोडली. पायावर पडलं म्हणजे कळेल, असं काहीतरी पुटपुटले आणि काठी टेकत एकटेच घराकडे निघाले.

मिस्त्रीनं मीटर बसवला. इंजिनाच्या कुशीतून नळी काढली, पायाखालच्या फळीला भोक पाडून वर घेतली आणि स्टेअरिंगच्या डाव्या हाताला काटा लावला. इंजिन चालू केल्यावर काटा चढला आणि चढलेल्या जागी बारीक थरथरायला लागला. मला ते बघवेना, पण मिस्त्री म्हणाला, थरथरतो म्हणजे जिवंत आहे. इंजिन रुळलं की जरा शांत होईल. हे काट्याकडे टक लावून बघत होते. मला कळलं, ते काय बघताहेत. त्यांना कान परत मिळाले होते, डोळ्यांतून.

पहिले काही दिवस रिकाम्या गाडीनं आणि अर्ध्या मालानं काढले. माझा जीव टांगणीला. गाडीत बसले की माझी नजर नळीवर. यांच्या पोटरीपासून वीतभर लांबून ती जात होती. मी तिच्यावर गोणपाट गुंडाळलं, धक्क्यानं ते खाली घसरायचं, मी पुन्हा वर ओढायची. काट्याकडे बघावं तर तेलाची काळजी, नळीकडे बघावं तर पायाची. रस्त्याकडे बघायला एकटे हेच. घरी आलो की मामंजी ओट्यावरून उतरून ट्रकपाशी येत. वाकून नळीवरून बोट फिरवत, बोट नाकाशी नेत, विजारीला पुसत आणि परत जात. रोज तेच. जेवताना ते यांच्याशी बोलायचे ते भिंतीकडे तोंड करून. मला वाटायचं, रागावलेत.

पूर्ण माल न्यायचा दिवस उजाडला. मीठ आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. सकाळी यांनी इंजिन चालू केलं, गरम व्हायला सोडलं आणि ताडपत्री आवळायला मागे आले. मी उजव्या अंगाचा दोर ओढत होते. मिठाचा भरलेला ट्रक खाली दबतो, स्प्रिंगा करकरतात, ताडपत्रीच्या कडा ओल्या होऊन बोटं कापतात. दोराला गाठ मारताना मला पुढच्या बाजूला मामंजी दिसले. कॅबिनचं दार उघडं, ते आत वाकलेले, हातात फडकं. रोजच्यासारखं नळी पुसताहेत, असं मला वाटलं. मी दुसरी गाठ घेतली.

बांधावर गाडी संथ चालली होती. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, उन्हानं डोळे दिपत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की काटा हलत नाही. चढलेला आहे, नीट जागेवर आहे, पण थरथर नाही. मी यांच्या खांद्याला हात लावून काटा दाखवला. हे हसले. इंजिन रुळलं बघ, म्हणाले, मिस्त्री म्हणाला होता ना. किती दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते. सुखाच्या वेळी रडगाणं नको म्हणून मी नुसतं गोणपाट वर ओढलं.

घाट सुरू झाला. हे गिअर टाकत होते, इंजिन खालच्या आवाजात कण्हत होतं. मधल्या वळणाच्या अलीकडे मला ते ऐकू आलं. टक. टक. टकटक. वरच्या बाजूनं, कोरड्या लोखंडाचं. गेल्या वर्षी सुरुवात अशीच झाली होती. माझ्या पाचावर धारण बसली.

"अहो, आवाज येतोय."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग काट्याकडे. काटा उभा. त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे वळले. मागे आणखी एक ट्रक हॉर्न देत होता. चढावर भरलेली गाडी थांबवायची म्हणजे सोपं नाही, पुन्हा उचलेल की नाही ही धास्ती, शिवाय मागच्यांच्या शिव्या. मी पुन्हा म्हटलं, बंद करा. त्यांनी डाव्या हातानं काट्याकडे बोट केलं. ठीक आहे की. टकटक वाढली होती. मला रडू आलं, खरं सांगते, आणि त्याहून जास्त राग आला. मी हात उचलला आणि समोरच्या पत्र्यावर थाडकन थाप मारली. एक थाप.

ती त्यांना ऐकू आली नसेल, पण पत्र्यातून, स्टेअरिंगमधून हाताला लागली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काट्याकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. तेवढ्या वेळात माझा जन्म गेला. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी उडी मारून चाकांना दगड लावले. मागचा ट्रकवाला शिव्या घालत बाजूनं गेला. घाटात एकदम शांत झालं. परत वर चढून बघते तर हे सीटवर तसेच बसलेले, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून.

"बघ," ते म्हणाले.

इंजिन बंद होतं, आणि काटा उभा होता. जरासुद्धा खाली आला नव्हता.

मी खाली उतरून वाकून बघितलं. तेलाच्या फिल्टरची रबरी चकती एका बाजूनं बाहेर आली होती, तिथून तेल ठिबकत होतं, आणि आलो त्या रस्त्यावर वळणापर्यंत काळी रेघ गेली होती. तेल मोजायच्या दांडीला तेल टेकतसुद्धा नव्हतं. यांनी काट्यापासून नळीवर बोट ठेवलं आणि बोटानं मागोवा घेत घेत खाली आले. फळीच्या भोकापाशी बोट थांबलं. तिथं नळी चपटी झाली होती. चपट्या जागेवर पकडीचे दात उमटले होते, ताजे, तांबूस चकचकीत. इंजिन चालू असताना कुणीतरी ती तिथं चेपली होती. वरचं तेल वर अडकलं आणि काट्याला ढकलत राहिलं. खाली इंजिन मेलं असतं तरी तो काटा उभाच राहिला असता.

आमच्या घरात पकड एकच आहे, आणि ती मामंजींच्या खाटेखाली असते.

यांनी काट्यापाशी नळी आवळणारी चाकी सैल केली. थोडं तेल आलं, काटा धाडकन पडला. चेपलेला तुकडा कापून त्यांनी नळी पुन्हा जोडली, मी नवी चकती बसवली, डब्यातलं तेल घातलं. सुरू करताना मी डोळे मिटले होते. टकटक दोनचारदा झाली आणि थांबली. काटा चढला, थरथरला. कापलेला तुकडा यांनी खिशात टाकला. बाबांना यातलं बोलायचं नाही, एवढंच म्हणाले. मालधक्क्यावर उशीर झाला म्हणून मुकादमानं दोन शब्द ऐकवले. आम्ही ऐकून घेतले. हे तर हल्ली ओठांवरून ऐकतात, तेव्हा त्यांनी खाली बघून काम भागवलं.

परत आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मामंजी ओट्याच्या कडेवर बसून होते, दुपारचं ताट बाजूला तसंच झाकलेलं. त्यांनी आधी यांच्या पायाकडे बघितलं. मग विचारलं, उशीर का?

"फिल्टरची चकती गेली, तेल गळलं," हे म्हणाले. हे मामंजींच्या समोर बसले, अगदी पुढ्यात, तोंड दिसेल असे. "ठोकायला लागलं होतं. हिनं ऐकलं म्हणून वाचलो. मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही, बाबा."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होते, तिथंच थबकले. इतकी वर्षं जे माझ्यापाशीही बोलले नाहीत, ते त्यांनी बापापुढे एका दमात बोलून टाकलं. अपमान केवढा झाला असेल जिवाचा.

मामंजींनी बाजूचं ताट आणखी दूर सारलं. मग म्हणाले, "आणि काटा?"

"काटा पडला होता. मीच बघितला नाही."

"खोटं बोलू नकोस." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "काटा पडणार कसा? नळी मी चेपली होती." मग त्यांनी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ हलवून बोलले. "फुटायच्या आधी ती शिटी देते, पोरा. मला ऐकू आली तरी माझा पाय गेला. तुला तर ऐकूच येणार नाही. मला ठाऊक आहे कधीचं, भिंतीकडे तोंड करून बोलून खात्रीही केली. म्हणून म्हटलं जरा दाबावी, तेल जोरात येऊ नये. थोडीच दाबायची होती. हात राहिला नाही ताब्यात."

आता काय म्हणायचं अशा माणसांना? मुलाचं बहिरेपण कळलंय हे बाप मुलापासून लपवतो, मुलगा बापाची चूक बापापासून लपवतो, सून दोघांपासून, आणि या लपाछपीत इंजिन मरायला टेकलं होतं. मला दोघांचीही माया आली आणि दोघांनाही तांब्या फेकून मारावासा वाटला. मी पाणी दिलं आणि झाकलेलं ताट गरम करायला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावलं. मीटर काढून कुठं लावू म्हणून त्यानं विचारलं. यांनी क्लीनरच्या बाजूला बोट दाखवलं. मिस्त्री बघतच राहिला. डायवर इकडं आणि काटा तिकडं, असं उभ्या जन्मात कुणी केलं नाही म्हणाला. यांनी त्याला कान दाखवला, मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. मिस्त्रीनं पुढं काही विचारलं नाही. मुकादमाच्या कानावर जाणार नाही, एवढं जाता जाता स्वतःहून म्हणाला. तेवढ्यानं धास्ती जाते थोडीच.

नळी आता माझ्या पायापाशी आली होती. मामंजी अंगणात पाय लांब करून बसले आणि त्यांनी जाड रबरी होसपाइपात तांब्याची नळी ओवायला घेतली. पाइप वाकडा, नळी नरम. ती मध्येच अडायची, ते बाहेर काढून पुन्हा घालायचे. पकडीला हात लावला नाही. पाइपाचं खालचं तोंड त्यांनी फळीतून गाडीच्या बाहेर सोडलं, म्हणजे नळी चिरलीच तर तेल रस्त्यावर जाईल, पायावर येणार नाही. हे आधीच का सुचलं नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण कामाला लागलेल्या म्हाताऱ्याला काय बोलायचं?

"सूनबाई," ते वर न बघता म्हणाले, "शिटी आली की पाय आधी वर. काटा मग."

हंगाम चालू आहे. काटा माझ्यापुढे थरथरतो, आणि मी त्याच्याकडे बघते, नळीकडे बघते, इंजिनाकडे कान लावून बसते. घाट लागला की हे मीटरकडे मान वळवत नाहीत. रस्ता बघतात आणि मधून मधून माझ्या तोंडाकडे बघतात. माझ्या कपाळाला आठी पडली की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करतात. परवा मधल्या वळणावर मला जांभई आली. तोंड उघडायचा अवकाश, यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तेव्हापासून घाट चढून होईपर्यंत मला जांभई द्यायचीसुद्धा चोरी झाली आहे.